शेवटच्या बेटाचे भाडे

तीनशे माणसांच्या बेटावर सरकारने बोट पाठवावी का? तीनशेपैकी आज फक्त चारच माणसे बोटीत चढणार असतील, डिझेल मात्र चाळीस माणसांइतकेच जळणार असेल, तरीही पाठवावी का? आणि पाठवायची, तर त्या रिकाम्या बाकांचे भाडे कोणी द्यायचे?

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. वाहतूक खात्यातल्या एखाद्या कारकुनाने तो सोडवावा आणि आपण आपल्या कामाला लागावे. पण थोडे खोलात गेलो, की हा हिशेब माणसाच्या किमतीपाशी येऊन थांबतो. दूर राहणाऱ्या माणसाचा समाजावर हक काय, आणि जवळ राहणाऱ्याने त्याच्यासाठी किती सोसावे, हा नीतीचा प्रश्न आहे. तो जगात सगळीकडेच आहे. मालदीवसारख्या देशात मात्र त्याला बगल देता येत नाही, कारण तिथे देश म्हणजेच बेटे आणि त्यांच्यामधले पाणी.

हिंदी महासागरातल्या या मुस्लिम देशात सुमारे 1,200 बेटे आहेत. त्यांतल्या 190च्या आतबाहेर बेटांवर वस्ती आहे. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंतचे अंतर आठशे किलोमीटरहून अधिक. सगळी जमीन एकत्र केली, तर ती सुमारे 300 चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मी. प्रवाळाच्या कड्यात वसलेल्या बेटांच्या समूहाला इंग्रजीत जो ‘अटॉल’ शब्द वापरतात, तो मूळचा इथल्याच दिवेही भाषेतला. 2022 च्या जनगणनेनुसार देशाची वस्ती पाच लाख पंधरा हजारांच्या घरात होती. त्यांतली दर दहातली चार माणसे एकट्या राजधानीत, माले शहराच्या परिसरात राहत होती. उरलेली सहा माणसे पाण्यावर विखुरलेली. अनेक बेटांची वस्ती पाचशेच्याही आत आहे.

अशा देशात शाळेत शिक्षक असतो, पण पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या बेटावर जावे लागते. दवाखान्यात डॉक्टर असतो, पण मोठ्या शस्त्रक्रियेला माले गाठावे लागते. कोर्टाची तारीख, बँकेचे काम, बहिणीचे बाळंतपण, मामाची मय्यत, सगळे पाण्यापलीकडे. आपल्याकडे गाडी चुकली, तर माणूस निदान चालू तरी लागतो. समुद्रावर चालता येत नाही.

पूर्वी ही माणसे कशी जात होती? ‘दोणी’तून. हा दिवेही शब्द ऐकला, की आपल्याला मराठीतली डोणी आठवतेच. नारळाच्या लाकडाची ही होडी शतकानुशतके शिडावर चालली. 1970 च्या दशकात तिला इंजिन बसू लागले. पण दोणी सगळ्यांची नसते. ज्याची ऐपत, त्याची दोणी. इतरांनी विचारायचे: उद्या जाणार आहात का, एका माणसाची जागा होईल का, परत कधी येणार? विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. कोकणातल्या खाडीकाठच्या आपल्या मोहल्ल्यांना हा आवाज अनोळखी नाही. मचवा ज्याचा, त्याच्या दारात माणसे उभी राहत. मचवेवाला भला असला तरी दारात उभे राहणाऱ्याला उभे राहावेच लागे.

इथे एका जुन्या मुसाफिराची गोष्ट कामाला येते. इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या चाकरीत काझी होता. पुढे फिरत फिरत तो 1343 मध्ये मालदीवला पोचला आणि तिथेही काझी झाला. त्याने तिथल्या एका रिवाजाचे वर्णन केले आहे. परके जहाज आले, की बेटावरची माणसे लहान होड्या घेऊन समोर जात. हातात विड्याची पाने आणि शहाळी. ज्याला वाटेल त्या उतारूला ती देत, आणि तो उतारू मग त्या घरचा पाहुणा होई. अनोळखी माणसाला समुद्रातच गाठून पाहुणा करून घेणारा हा रिवाज वाचताना कोणाचेही मन भरून येईल.

पण त्याच हकीकतीची दुसरी बाजूही आहे. आपण दिल्लीच्या दरबारातले काझी आहोत हे कळले, तर आपल्याला इथेच ठेवून घेतील अशी धास्ती त्याला होती, आणि झालेही तसेच. त्याला बेट सोडायचे, तर वजिराची मर्जी लागत होती. येताना त्याला लोकांचा जिव्हाळा मिळाला. जाताना मात्र गाठ मर्जीशी होती. जिव्हाळा आणि मर्जी या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या मनावर अवलंबून असतात. एकीत प्रेम आहे, दुसरीत सत्ता आहे, पण मुसाफिराच्या स्वतःच्या हातात दोन्हींतले काहीच नाही.

आपल्या दीनने ही गोष्ट फार आधी ओळखली, असे मला वाटते. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत ‘इब्नुस्सबील’ आहे. शब्दशः ‘वाटेचा पुत्र’, म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर. घरी तो सधन असेलही. पण या क्षणी, या वाटेवर तो हतबल आहे, एवढे पुरेसे आहे. महत्त्वाचे हे की त्याला जे मिळते ते भीक म्हणून मिळत नाही. तो त्या रकमेचा ठरलेला हकदार आहे. देणाऱ्याचे मन त्या दिवशी कसे आहे, यावर त्याचा वाटा ठरत नाही. मेहेरबानी आणि हक यांतला फरक एवढाच आहे, आणि हा फरक फार मोठा आहे.

सरकारी बोट म्हणजे या फरकाचे लाकूड-लोखंडात उतरलेले रूप. तिकीट काढलेल्या माणसाला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. त्याला ‘बरे केलेत, घेऊन आलात’ असे म्हणावे लागत नाही. म्हटले तर ते त्याचे सौजन्य. ज्या घरात कर्ता पुरुष उरला नाही, ज्या बाईला कोणाकडे शब्द टाकणे जड जाते, तिला या तिकिटाची किंमत दोणीवाल्यापेक्षा जास्त कळते.

मालदीवने हे कागदावर मान्य केले आहे. 2008 च्या त्यांच्या राज्यघटनेत देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य आहे. त्याशिवाय वाहतुकीची साधने सर्वांना समान रीतीने मिळावीत, हेही नागरिकांच्या हकांत घातले आहे. अर्थात राज्याने आपल्या कुवतीनुसार ते टप्प्याटप्प्याने पुरे करायचे. या दोन कलमांतले अंतर समजून घेतले पाहिजे. पहिले म्हणते, तुला कोणी अडवणार नाही. दुसरे म्हणते, तुला पोचवण्याची काही जबाबदारी आमची आहे. बोट नसलेल्या बेटावरच्या म्हातारीला पहिले कलम पूर्णपणे मिळालेले असते. तिला कोणी अडवलेले नाही, फक्त ती जाऊ शकत नाही.

2008 मध्येच मुहम्मद नशीद देशभर वाहतुकीचे जाळे उभारण्याचे वचन देऊन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि पुढच्या वर्षांत अटॉलांमधून नियमित बोटी सुरू झाल्या. काही ठिकाणी त्या टिकल्या, काही ठिकाणी रखडल्या. 2022 मध्ये ‘राज्जे ट्रान्सपोर्ट लिंक’ या नावाने वेगवान बोटींची नवी सेवा उत्तरेकडच्या अटॉलांपासून सुरू झाली. दरम्यान ऑगस्ट 2018 मध्ये माले, विमानतळाचे हुलुले बेट आणि भर टाकून वाढवलेले हुलुमाले यांना जोडणारा पूल खुला झाला. जिथे पूर्वी बोटीची वाट पाहावी लागे, तिथे बस धावू लागली. दक्षिणेला अड्डू अटॉलमध्येही काही बेटे बांधाच्या रस्त्याने जोडलेली आहेत आणि तिथे चाकांवरून जाता येते.

पूल झाला हे चांगलेच झाले. पण पुलामुळे एक गंमत होते. अंतर किलोमीटरमध्ये मोजायची आपली सवय आहे. माणूस ते तासांत भोगतो. जवळच्या बेटाचे अर्ध्या तासाचे अंतर दहा मिनिटांवर आले, की दूरच्या बेटाचे अंतर न वाढताही वाढते. परदेशी पाहुणा विमानतळावरून समुद्री विमानाने तासाभरात आपल्या रिसॉर्टवर उतरतो. त्याच अटॉलमधला रहिवासी साध्या बोटीत अर्धा-अर्धा दिवस घालवतो. दोघेही एकाच पाण्यावरून जातात.

आता विरुद्ध बाजू ऐकली पाहिजे, आणि तिच्या पुऱ्या ताकदीने ऐकली पाहिजे. ती म्हणते: पैसा कोणाच्या खिशातून येतो? मालेच्या दाटीवाटीत, एका खोलीत पाच-सहा जण राहणारा माणूसही कर भरतो. त्याच्या पैशातून रिकामी बोट समुद्रावर का फिरवायची? या देशात डिझेलचा थेंबन् थेंब बाहेरून येतो. तेवढ्याच रकमेत एखाद्या मोठ्या बेटावर चांगले इस्पितळ उभे राहील, हजारो लोकांचे भले होईल. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, ही काही पुण्याची गोष्ट नाही. त्यापेक्षा छोट्या बेटांवरच्या लोकांना मोठ्या बेटांवर आणा, तिथे शाळा, दवाखाना, पाणी, वीज सगळे नीट द्या.

हे बोलणे दगडाच्या काळजातून आलेले नाही. मालदीवच्या सरकारांनी लोकवस्ती मोठ्या बेटांवर एकवटण्याची धोरणे वेळोवेळी आखली ती याच विचाराने. कधी कधी ते अटळही असते. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत रा अटॉलमधले कंडोलुदू बेट राहण्याजोगे उरले नाही. तिथली हजारो माणसे इतर बेटांवर तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली आणि सुमारे चार वर्षांनी दुवाफारू या तोवर ओसाड असलेल्या बेटावर त्यांच्यासाठी नवे गाव वसवले गेले. समुद्रानेच घर नेल्यावर दुसरे घर देणे, यात अन्याय कोणता?

पण जिथे समुद्राने घर नेलेले नाही तिथे काय? माणसाला त्याच्या जागेवरून हलवण्याचे दोन मार्ग असतात. एक, त्याला विचारायचे, पर्याय दाखवायचा, त्याने ‘हो’ म्हणेपर्यंत थांबायचे. दुसरा मार्ग जास्त सोपा आहे. बोट आठवड्यातून चारदा येत होती, ती दोनदा करायची. मग एकदा. मग इंजिन बिघडले म्हणून महिनाभर नाही. मग शिक्षक टिकत नाही, डॉक्टर येत नाही, तरणी मुले निघून जातात. शेवटी उरलेली म्हातारी माणसे स्वतःच अर्ज करतात, की आम्हाला येथून हलवा. कागदावर सगळे त्यांच्या मर्जीने झालेले असते. कोणी हुकूम काढलेला नसतो, कोणी दंडुका उगारलेला नसतो.

माझा आक्षेप या दुसऱ्या मार्गाला आहे. सेवा काढून घेऊन गाव उठवणे ही हकालपट्टीच आहे, फक्त तिच्यावर कोणाची सही नसते. ज्या राज्यकर्त्याला वस्ती हलवायची आहे, त्याने ते लोकांच्या तोंडावर सांगावे, त्यांच्याशी वाद घालावा, त्यांचा राग सोसावा. आणि निर्णय होईपर्यंत बोट चालू ठेवावी. बोट चालू असताना दिलेली संमती हीच खरी संमती. बोट थांबवून मिळवलेली संमती म्हणजे हात पिरगाळून घेतलेला अंगठा.

आता रिकाम्या बाकांकडे वळू. आपण बोटीचा उपयोग आज चढलेल्या माणसांवरून मोजतो, इथेच हिशेब चुकतो. वेळापत्रक हे वचन असते, आणि ते अनोळखी माणसांना दिलेले असते. मंगळवारी सकाळी बोट आहे हे ठाऊक असल्यामुळे गरोदर सून सासरी निर्धास्त राहते. ती मंगळवारी बोटीत चढत नाही. पण त्या बोटीच्या भरवशावर ती बेटावर राहते. मासे विकणारा तिच्या भरवशावर बर्फ मागवतो. मुलगा तिच्या भरवशावर आईला म्हणतो, ‘अम्मी, ईदला येतो.’ ही सगळी माणसे रोजच्या उतारूंच्या यादीत दिसत नाहीत. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने किती चोर पकडले, यावर कोणी त्याचा पगार ठरवत नाही.

वचनाची खूण अशी, की त्यातला नकारही आधीच माहीत असतो. अटॉलांमधल्या साध्या सरकारी बोटी शुक्रवारी सहसा निघत नाहीत. जुम्याचा दिवस आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते, त्याप्रमाणे माणसे आपली कामे मांडतात. पावसाळी वाऱ्याच्या दिवसांत समुद्र खवळला, की फेरी रद्द होते, त्याबद्दलही कोणी बोटीला दोष देत नाही. माणसाला ‘नाही’चा त्रास कमी होतो. ‘बहुतेक येईल’ या शब्दाचा त्रास फार होतो. धक्क्यावर उन्हात बसलेल्या रोग्याला बोट येईल की नाही हे न कळणे, ही गरिबाच्या वेळेची चोरी आहे, आणि ती कुठल्याही हिशेबात खर्च म्हणून मांडली जात नाही.

हे आपल्याला नवे नाही. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली आणि पुढे ‘गाव तिथे एसटी’ हे घोषवाक्य झाले. त्यात हाच विचार होता: भरलेल्या मार्गाने रिकाम्या मार्गाला सांभाळायचे. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात संपामुळे एसटी बहुतांशी बंद राहिली. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न वेगळा. पण त्या महिन्यांत वाडी-वस्तीवरच्या किती मुलींची शाळा लांबली, किती म्हाताऱ्यांची तपासणी राहिली, हे खेड्यातल्या माणसाला विचारा. पुढे 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि 2023 मध्ये महिलांना अर्धे तिकीट मिळाले. चांगले झाले. पण अर्धे तिकीट गाडीत बसल्यावर मिळते. गाडीच वस्तीवर येत नसेल, तर ती सवलत जवळच्यांनाच पोचते. सवलत आणि सेवा या दोन गोष्टी एक समजू नयेत.

एक आक्षेप मला स्वतःला अस्वस्थ करतो. बोट बेट जगवते, असे आपण म्हणतो. पण तरुणांना तीच तर घेऊन जाते. सोय झाली, की माणसे निघून जातात. मग बोटीने बेट राखले की रिकामे केले? यावर माझे उत्तर असे, की बोटीचे काम माणसे राखण्याचे नाहीच. जाण्याची आणि परत येण्याची वाट उघडी ठेवणे एवढेच तिचे काम. ज्याला जाता येत नाही म्हणून जो राहतो, तो रहिवासी नसतो, अडकलेला असतो. आणि ज्याला परत येता येत नाही, त्याचे जाणे हे देशोधडीला लागणे असते. दोन्ही वाटा उघड्या असताना माणसाने काय निवडले, त्यालाच त्याची निवड म्हणता येईल. 2009 च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढायला वाव मिळाला. त्यानंतर माफुशीसारख्या बेटांवर साध्या बोटीने साधे पर्यटक येऊ लागले आणि काही तरुणांना घरीच रोजगार मिळाला. वाट उघडी असली, की ती दोन्ही बाजूंनी चालते.

आणखी एक गोष्ट. 2022 च्या गणनेत या देशातल्या दर चार रहिवाशांपैकी एक परदेशी होता, त्यांत बांगलादेशी मजूर सर्वांत जास्त. घटनेतला हक नागरिकांचा आहे. पण घरापासून हजारो मैल दूर, भाषा परकी, खिशात मोजकेच पैसे, असा जो मजूर बोटीच्या मागच्या बाकावर बसलेला असतो, तो ‘वाटेचा पुत्र’ नाही, तर कोण आहे? ज्या समाजाने हा शब्द पवित्र मानला, त्याची परीक्षा या बाकावर होते. आखातात राबणाऱ्या आपल्या कोकणातल्या भावंडांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून मी म्हणतो, की दूरच्या माणसाचा हक अमर्याद नाही, पण त्याला तळ आहे. प्रत्येक बेटाला तासातासाला बोट द्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. वेग कमी असू दे, फेऱ्या मोजक्या असू देत. पण ठरलेल्या दिवशी बोट यावी, भाडे हातावर पोट असलेल्याला परवडावे, आणि आजाऱ्याला, परीक्षेला जाणाऱ्या मुलीला, मय्यतीला निघालेल्याला कोणाचे पाय धरावे लागू नयेत. एवढ्याच्या खाली उतरायचा हक बहुमतालाही नाही. कारण बहुमत नेहमी धक्क्याजवळ राहते.

रिकाम्या बाकांचे भाडे मग कोणी द्यायचे? ज्यांच्या दारात बस येते, त्यांनी. ते दान म्हणून देऊ नये. आपल्या दारातली बसही कोणाच्या तरी पैशाने येते, कधीतरी आपणही वाटेत अडकू शकतो, हे ओळखून द्यावे. देताना हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली, असे न होता जे दिले जाते, त्याला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे: इन्साफ. शेवटच्या बेटावर ठरलेल्या सकाळी बोट लागते आणि तिच्यात एकच माणूस चढतो, तेव्हा तिथे तोट्याचा धंदा चालू आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा त्या माणसाच्या जागी स्वतःला धक्क्यावर उभे करून पाहावे.